ओहोटीच्या खडकांपासून घरातल्या समुद्रापर्यंत

मुंबईचा समुद्र पाहायला लोक जातात ते भरतीच्या वेळी. लाटा कठड्यावर आदळाव्यात, तुषार अंगावर यावेत, हीच त्यांची अपेक्षा असते. ओहोटीचा समुद्र कोणाच्या खिजगणतीत नसतो. पाणी दूर जाते, काळे खडक उघडे पडतात, शेवाळाचा आणि चिखलाचा दर्प येतो आणि फिरायला आलेला माणूस मान वळवून पुढे चालू लागतो. परंतु समुद्राचे घर आतून पाहायचे असेल, तर दार उघडे असते ते याच दोन-तीन तासांत.

ही वेळ शोधण्यासाठी किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना कधी छापील तक्ता लागला नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणाच्या दिवसांत मुंबईला भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरहून अधिक अंतर पडते. म्हणून खडक पाहायचे तर पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांतली सकाळ उत्तम.

अशाच एका माघी सकाळी ठाण्याहून पहिल्या गाड्यांपैकी एक पकडून, दादरला गाडी बदलून मी महालक्ष्मीला उतरलो आणि हाजीअलीच्या किनाऱ्यावर गेलो. वय त्रेसष्ट, पायात रबरी तळाचे बूट, हातात काठी. एक गोष्ट आरंभीच सांगतो : हे खडक विलक्षण निसरडे असतात. गुडघ्याचे किंवा तोल जाण्याचे दुखणे असणाऱ्यांनी खाली उतरू नये. कठड्यावरून दुर्बिणीने पाहावे, तेही पुष्कळ असते.

खडकांतली वस्ती

खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहते. पहिली पाच मिनिटे त्यात काहीच दिसत नाही. मग डोळा सरावतो. एक शंख चालू लागतो, कारण त्यात खेकड्याने बिऱ्हाड केलेले असते. हिरवट-तपकिरी रंगाची चटई अंथरल्यासारखे काही दिसते, ते बारीक तोंडांच्या शेकडो जीवांचे मोहोळ असते. समुद्रफूल आपल्या पाकळ्या पसरून बसलेले असते आणि आपली सावली पडताच मिटून घेते. आणि एखाद्या दगडाच्या कुशीत, ओंजळीत मावेल एवढी, बारीक खळ्यांची एक करडी उशी दिसते. ते प्रवाळ.

मुंबईच्या गढूळ पाण्यात प्रवाळ जगते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. प्रवाळ हा दगड नव्हे आणि वनस्पतीही नव्हे. चुन्याच्या वाटीत बसलेले ते इवले प्राणी आहेत. अनेक जातींच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि यजमानाला वाटा देते. पाणी फार तापले की हा भागीदार निघून जातो, आणि प्रवाळ पांढरे पडते. सागरी किनारा रस्त्याच्या कामासाठी २०२० साली वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरील काही प्रवाळ-वसाहती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उचलून दुसरीकडे बसवाव्या लागल्या. ओंजळीएवढ्या जीवासाठी एवढा खटाटोप का, तर कायद्याने त्याला वाघाच्या पंक्तीला बसवले आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे समाविष्ट आहेत. समुद्रघोडेही त्याच यादीत आहेत. त्यामुळे किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडा उचलणे, तो विकत घेणे किंवा शोभेसाठी दिवाणखान्यात ठेवणे, हा गुन्हा आहे.

मी तेथे गेलो होतो त्याचे कारण माझी आई. ती सत्त्याऐंशी वर्षांची आहे. जन्म दापोलीजवळच्या हर्णैचा. समोर सुवर्णदुर्ग आणि दारात समुद्र. गेली चार वर्षे तिला स्मृतिभ्रंश आहे. ठाण्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरातून समुद्र दिसत नाही, पण दिवस कलला की ती अस्वस्थ होते, खिडकीपाशी जाते आणि विचारते, “भरती लागली का रे?” जेवणावरचे तिचे लक्ष उडाले होते. पानावर बसायची आणि दोन घासांनंतर उठायची. सहा महिन्यांत वजन चार किलोंनी घटले, तेव्हा डॉक्टरांनी औषधांइतकेच जेवणाच्या वेळेकडे लक्ष द्यायला सांगितले. तिला समुद्रावर नेणे आता शक्य नव्हते. तेव्हा समुद्राचा एक कोपरा तिच्या जेवणाच्या टेबलाजवळ आणता येईल का, हा प्रश्न घेऊन मी निघालो होतो.

मरीन ड्राइव्हवरून ऐरोलीकडे

मुंबईकरांच्या दोन-तीन पिढ्यांनी पाण्याखालचे जग पहिल्यांदा पाहिले ते मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. एका पारशी दानशूराच्या देणगीची आठवण त्याच्या नावात राहिली. मला तेथे पहिल्यांदा आईनेच नेले होते. काचेला नाक लावून उभ्या असलेल्या मला ती एकेका माशाचे हर्णैतले नाव सांगत होती, आणि आजूबाजूची मुले माझ्याऐवजी तिच्याभोवती जमली होती. २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर ते काचेच्या बोगद्यासह पुन्हा उघडले, परंतु कोविडच्या काळात बंद झाले आणि इमारत जीर्ण झाल्याने दीर्घकाळ बंदच राहिले. हाजीअलीहून परतताना मी त्याच्यासमोरच्या कट्ट्यावर थोडा वेळ बसलो. घरात रुग्ण असलेल्यांना एक सुचवतो : मरीन ड्राइव्हचा पदपथ रुंद आणि सपाट आहे, चाकाची खुर्ची तेथे सहज चालते. ज्यांचा रुग्ण प्रवास करू शकतो, त्यांनी सकाळच्या वेळी तेथे अवश्य जावे.

दुसऱ्या आठवड्यात ऐरोलीला गेलो. ठाणे खाडीच्या काठी कांदळवनांच्या कुशीत किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या आरंभापर्यंत खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि चिखलावर निवटे उड्या मारत असतात. या खाडीतील अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. माझे तेथे जाण्याचे प्रयोजन मात्र वेगळे होते. कांदळवन प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो यांनी येथे शोभिवंत सागरी माशांच्या प्रजननाचे काम उभे केले आहे. केशरी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारा क्लाऊनफिश त्यांत प्रमुख. प्रवाळ-खडकांवरून जाळ्याने पकडून आणलेला मासा पुष्कळदा वाटेतच दगावतो किंवा घरी येऊन अन्न सोडतो. टाकीत जन्मलेला मासा मात्र काचेला, माणसाला आणि कोरड्या खाद्याला जन्मापासून सरावलेला असतो. समुद्रातून काही न उचलता समुद्र घरी आणायचा, तर वाट हीच आहे, हे ऐरोलीला स्पष्ट झाले.

साठ लिटरांचा समुद्र

खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय म्हणजे श्रीमंतांचा छंद, असा समज आहे. प्रवाळे पाळायची तर तो खराही आहे. तीव्र दिवे, पाणी थंड ठेवणारे यंत्र आणि रसायनांच्या मात्रा यांचा खर्च लाखाच्या घरात जातो. आम्ही प्रवाळाविना प्रवाळ-खडकाचा देखावा करायचे ठरवले. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरातली आणि कुर्ल्याची दुकाने पालथी घातल्यावर आमचा खर्च साधारण असा झाला : दोन फूट लांबीची काचेची टाकी आणि झाकण ३,००० रुपये, मागे अडकवायचा फिल्टर १,५००, पाणी खेळते ठेवणारा छोटा पंप ९००, साधा पांढरा-निळा दिवा आणि टायमर २,२००, भट्टीत भाजलेले सच्छिद्र कृत्रिम खडक सहा किलो, १,५००, वाळू ७००, सागरी क्षारमिश्रण १,२००, क्षारता मोजण्याचे उपकरण १,४००, पाणी तपासण्याचे संच १,८००, तापमापक आणि पंखा ६००, क्लाऊनफिशची जोडी १,२००. एकूण सोळा हजार. महिन्याचा खर्च क्षार, खाद्य आणि वीज धरून पाच-सहाशे रुपये. घरातले जुने शिसवी मेज मजबूत असल्याने स्टँडचे पैसे वाचले. वजनाचा विचार मात्र आधी करावा : साठ लिटर पाणी, काच आणि खडक मिळून भार नव्वद किलोंच्या आसपास जातो.

पाणी घरीच तयार करायचे असते. मुंबईच्या किनाऱ्यावरचे पाणी सांडपाण्यामुळे वापरण्याजोगे नाही, आणि स्वयंपाकघरातले मीठही चालत नाही. कारण समुद्राच्या पाण्यात मिठाबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतर क्षार ठरावीक प्रमाणात असतात. दुकानात मिळणारे सागरी क्षारमिश्रण आरओच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात विरघळवावे. घरच्या शुद्धीकरण यंत्रात खनिजे परत मिसळण्याची सोय असेल, तर ती बंद करून घ्यावी.

यानंतर सर्वांत कठीण भाग येतो, तो म्हणजे थांबणे. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया निर्माण होतो आणि तो त्यांच्यासाठी विष आहे. खडकांच्या छिद्रांत आणि वाळूत वाढणारे जिवाणू त्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा सोडू नये. रोज माशाच्या खाद्याची चिमूट तेवढी टाकावी, म्हणजे ते कुजून जिवाणूंना खुराक मिळतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकले, की पाणी तयार झाले. आमच्या घरी याला छत्तीस दिवस लागले. रिकाम्या टाकीकडे पाहून शेजारी हसले. आई मात्र पहिल्या दिवसापासून हालणाऱ्या पाण्याकडे पाहत बसे.

उन्हाळ्यात ठाण्याच्या घरात पाणी तिशीच्या पुढे जाते. माशांना २५ ते २७ अंश हवे. थंड करणारे यंत्र परवडत नाही, पण पाण्याच्या पृष्ठावर लहान पंख्याचा वारा सोडला की बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. त्यात पाणी उडते, क्षार मात्र मागे राहतात. म्हणून काचेवर पातळीची रेघ ओढून ठेवावी आणि घटलेली भर रोज गोड्या पाण्याने करावी. आम्ही ही भर संध्याकाळी करतो. आईने भरती विचारली की तांब्या तिच्या हाती देतो, तिच्या हाताखाली माझा हात असतो. पाणी रेघेला टेकले की ती म्हणते, “लागली.” मग पाने घेतली जातात.

काळजी घेणाऱ्यांसाठी

घरात वृद्ध किंवा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल, तर काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

टाकीची उंची बसलेल्या माणसाच्या नजरेइतकी असावी. उभे राहून वाकावे लागले की तोल जातो. खारे पाणी आणि वीज यांचे वैर आहे. प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारा थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो. गळती ओळखून वीज तोडणारे सुरक्षा-बटण बसवून घ्यावे, आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी सर्व उपकरणे बंद करावीत.

मत्स्यालयाच्या पाण्यात एक विशिष्ट जिवाणू असू शकतो. तो हातावरच्या जखमेतून शिरल्यास त्वचेवर बऱ्या न होणाऱ्या गाठी येतात. मधुमेही आणि स्टिरॉइड घेणाऱ्यांनी उघड्या जखमेने पाण्यात हात घालू नये, लांब हातमोजे वापरावेत. अशी गाठ आलीच, तर घरात मत्स्यालय असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण उपचार त्यावर अवलंबून असतात. दुकानदार कधी “कायद्यात न येणारे” म्हणून बटणांसारखे रंगीत मऊ जीव देऊ करतात. त्यांतल्या काही जातींमध्ये अतिशय जहाल विष असते. खडक घासताना किंवा गरम पाण्याने धुताना ते श्वासात जाऊन माणसे अत्यवस्थ झाली आहेत. ते घरात आणू नयेत.

दर आठवड्याला दहावा हिस्सा, म्हणजे सहा लिटर पाणी बदलावे लागते. बादली उचलू नये. तीन लिटरांचे दोन जग पुरतात आणि कंबर वाचते. खाद्य, क्षार आणि तपासणीची रसायने कुलपात ठेवावीत. रुग्णाला माशांना खायला घालण्याची हौस असते आणि घातल्याचे स्मरण राहत नाही. अति खाद्याने पाणी नासते. आम्ही सकाळी दिवसभराची चिमूट एका छोट्या वाटीत काढतो. वाटी रिकामी, म्हणजे जेवण झाले. गोळ्यांच्या डबीत मात्र खाद्य कदापि भरू नये. रात्री टाकीचा दिवा मालवताना खोलीत मंद दिवा राहू द्यावा. काळ्या काचेतले स्वतःचे प्रतिबिंब पाहून रुग्ण घाबरतात.

काय साधले

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ मध्ये अल्झायमरच्या ६२ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या निवासाच्या भोजनगृहात मत्स्यालय ठेवल्यानंतर रुग्णांचे खाण्याचे प्रमाण पाचव्या हिश्शाहून अधिक वाढले आणि काही आठवड्यांत वजनही वाढले. इंग्लंडमधील प्लिमथच्या मत्स्यालयात झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टाकीसमोर उभ्या राहणाऱ्यांच्या हृदयाची गती आणि रक्तदाब उतरल्याचे आढळले. हे अभ्यास लहान आहेत. मत्स्यालय हे औषध नव्हे, आणि त्यासाठी कोणतेही औषध थांबवू नये.

आमच्या घरचे सांगायचे तर आईचा विसर कमी झालेला नाही. काही संध्याकाळी ती टाकीकडे पाहतही नाही, माहेरी न्या म्हणून रडते. पण आठवड्यातल्या चार-पाच दिवशी ती माशांकडे पाहत अर्धा तास पानावर बसते, आणि त्या अर्ध्या तासात भात संपतो. पाच महिन्यांत वजन सव्वा किलोने वर आले आहे. डॉक्टरांनी याचे श्रेय औषधांतल्या बदलालाही दिले, आणि ते खरेही असेल. मला जे मिळाले ते निराळे. दिवसभर तिच्याकडे लक्ष ठेवणारा मी त्या अर्ध्या तासात तिच्या शेजारी बसून तिच्याबरोबर एकाच गोष्टीकडे पाहतो. शुश्रूषा करणाऱ्यांना हे सुख किती दुर्मीळ असते, ते त्यांनाच ठाऊक.

एक प्रश्न मात्र टाकी घेण्याआधीच सोडवावा. क्लाऊनफिश नीट सांभाळला तर दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. ज्याच्यासाठी तो आणला, तो रुग्ण आणि सांभाळणारे आपण, दोघांच्याही वयाचा हिशेब त्यात धरावा लागतो. आमच्या सातवीतल्या नातवाने ही जबाबदारी मागून घेतली आहे. दर रविवारी तो पाण्याची क्षारता, तापमान आणि नायट्रेट मोजून वहीत लिहितो. त्याच पानावर पणजीचे वजनही लिहितो. तो रकाना त्याने स्वतःहून आखला आहे.